खुर्ची १९५६ ची आहे म्हणतात... खरी की खोटी, ओळखायची कशी?

नवखी_गिऱ्हाईक

मंडळी, जरा घाईचा सल्ला हवाय.

ओळखीतल्या एकांकडे ईम्स लाउंज चेअर (चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याची ती प्रसिद्ध प्लायवूड-चामड्याची आरामखुर्ची) आणि तिच्यासोबतचं पाय ठेवायचं स्टूल विकायला आहे. "१९५६ ची, पहिल्याच वर्षातली, रोजवूडची, सगळं ओरिजिनल" असं त्यांचं म्हणणं. खाली लेबल आहे, पिवळं पडलेलं बिलही दाखवलं. खुर्ची दिसायला अप्रतिम, बसलं की उठवत नाही. पण मला साग आणि शिसवी एकमेकांशेजारी ठेवले तरी ओळखता येत नाहीत, तिथे हे काय कळणार! पंधरा दिवसांत सांगा म्हणालेत, अजून दोन गिऱ्हाइकं रांगेत आहेत म्हणे.

काय बघू? काय विचारू? नेटवर वाचायला बसले तर डोकं आणखी गरगरलं.

हुच्च_खिळा

"अजून दोन गिऱ्हाइकं आहेत" एवढं वाक्य शंभर टक्के ओरिजिनल आहे. बाकीचं तपासावं लागेल. :)

रंधा

ताई, दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी तो "ओरिजिनल" शब्द बाजूला ठेवा. त्याच्या पोटात निदान चार वेगळ्या वस्तू असतात. एक, त्या काळात मूळ कंपनीने केलेली. दुसरी, परवानाधारक कंपनीने नंतर किंवा अगदी काल केलेली. ही खुर्ची हर्मन मिलर १९५६ पासून करतेय, युरोपात व्हिट्रा करते, आणि आज कारखान्यातून निघालेली खुर्चीही अस्सलच असते, फक्त जुनी नसते. तिसरी म्हणजे सरळ नक्कल. आणि चौथी, जिला आम्ही जोडकाम म्हणतो: धड एकीचं, पाय दुसरीचे, लेबल तिसरीचं. बाजारात सगळ्यात जास्त फसवते ती ही चौथी, कारण तिचा अर्धा भाग खरोखरच खरा असतो. म्हणून तुमचा प्रश्न "खरी की खोटी" असा नकोच. "सांगतायत तीच आहे का" असा हवा.

आता ईम्सबद्दल. हे सगळं दहा मिनिटांत बघून होतं:

पाय मोजा. खुर्चीला पाच फाट्यांचा पाया असतो, स्टुलाला चार. हसू नका, नकला करणारे इथेच घसरतात.

खुर्ची मागे रेलायला बघा. अस्सल खुर्ची गोल फिरते, पण तिचा कल कायमचा ठरलेला आहे. आरामखुर्चीसारखी मागे झुकत असेल, खाली खटका असेल, तर नमस्कार करून निघा.

पाठीमागे जा. पाठीच्या बाहेरच्या लाकडावर स्क्रूचं एकही डोकं दिसता कामा नये. पाठीचे तुकडे आतून रबराच्या चकत्यांवर बसवलेले असतात. इंग्रजीत त्यांना शॉक माउंट म्हणतात, आम्ही नुसतं "रबर" म्हणतो.

मग लाकडाची कड. गादी काढून प्लायवूडची कड बॅटरीच्या उजेडात बघा आणि थर मोजा. जुन्या खुर्च्यांत पाच थर, हल्लीच्यांत सात. ब्राझिलियन रोजवूडचं व्हिनिअर (वरचा पातळ लाकडी पापुद्रा) नव्वदीच्या सुरुवातीला बंद झालं, कारण १९९२ मध्ये त्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापारच जवळजवळ बंद केला गेला.

पहिल्या वर्षातली म्हणतात ना? मग हाताच्या गादीखाली बोटं घाला आणि स्क्रू मोजा. सुरुवातीच्या काही वर्षांत तीन असत, पुढे दोन झाले. सुरुवातीच्या गाद्यांत पिसं भरलेली असत, फोम नंतर आला. १९५६ च्या स्टुलाला आणखी एक खोड होती, तेही खुर्चीसारखं गोल फिरायचं. लवकरच ते बंद केलं.

लेबलाकडे शेवटी बघा. बिलाकडे त्याच्याही नंतर. बिल खुर्चीला चिकटलेलं नसतं.

नवखी_गिऱ्हाईक

बाप रे. धन्यवाद! रविवारी पुन्हा जाते. उलटी करून दाखवा असं सांगायला संकोच वाटतो पण.

रंधा

घोडा घेताना दात बघतात ना? तसंच. उलटी करायला जो नाही म्हणतो त्याने तुमचं काम सोपं केलं समजा.

आटेपाटे

रंधाशेठ, स्क्रूंची संख्या सांगितलीत, जात सांगितली नाहीत. माझ्या आवडीचा विषय, म्हणून घुसतो.

लाकूड जुनं दिसवता येतं. स्क्रूंकडे मात्र नकला करणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं. एका चिरेचा स्क्रू केव्हाचाही असू शकतो. फुलीचा, म्हणजे फिलिप्स, हा तिशीच्या दशकातला, त्यामुळे पन्नाशीतल्या अमेरिकन वस्तूत तो असणं स्वाभाविक. पण फुलीच्या चार बाह्यांच्या मधोमध आणखी चार बारीक तिरक्या रेघा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह. हा प्रकार साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आला. "१९५५ ची डॅनिश खुर्ची" म्हणून जी दाखवतात तिच्यात हा स्क्रू निघाला, तर एक तर स्क्रू बदललाय किंवा साल बदललंय.

मग तो स्क्रू हळूच काढायचा (विचारून!). भोकाच्या तोंडाशी काय दिसतं? जुन्या स्क्रूच्या डोक्याखाली लाकडावर गोल ठसा असतो, तेवढाच भाग फिकट, कारण तिथे उजेड कधी पोचलाच नाही. ठसा स्क्रूच्या डोक्याहून मोठा असेल, तर आधी तिथे दुसरं काही बसत होतं.

आणि आटे मोजा. आटे मोजायची कंगव्यासारखी पोलादी पट्टी मिळते, खिशात मावते. त्या काळच्या अमेरिकन कारखान्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे. तिथे मिलिमीटरचा, षट्कोनी खाचेचा अॅलन बोल्ट आला, की पुढे फार बोलायची गरज उरत नाही.

काथ्याकूटकर

सगळं बरोबर, पण मला या "अस्सल"च्या सोवळ्याचीच गंमत वाटते. १९६३ मध्ये छायाचित्रकार लुईस मॉर्लीने क्रिस्टीन कीलरचा, म्हणजे ब्रिटनमधल्या राजकीय भानगडीत गाजलेल्या मॉडेलचा, जो जगप्रसिद्ध फोटो काढला, त्यात ती उलट्या खुर्चीवर बसलीय. लोक त्या खुर्चीला डॅनिश डिझाइनर आर्ने याकोब्सेनची "सेव्हन" समजतात. ती नक्कल आहे! पाठीत हाताने उचलायला भोक पाडलंय, ते मूळ डिझाइनात नाहीच. चोरी अंगाशी येऊ नये म्हणून केलेला फरक. आणि आज तीच नकली खुर्ची लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात आहे. बोला.

रंधा

बोलतो. त्या नकलेची किंमत कीलर बसली म्हणून आहे. तुमच्यामाझ्या घरच्या नकलेवर कोण बसणार, आत्याबाई?

पण त्यात एक कामाचा मुद्दा आहे. नकला आज सुरू झालेल्या नाहीत. साठीतली नक्कल आज साठ वर्षांची झाली. तिचं लाकूड खरोखर जुनं, झीज खरी, धूळ खरी, स्क्रूसुद्धा त्या काळचे. "जुनी आहे" हे सिद्ध झालं म्हणजे "त्यांची आहे" हे सिद्ध होत नाही.

वेतकाम

उशिरा आले, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी वेत आणि दोर विणते, जुन्या खुर्च्या माझ्याकडे बैठक फाटली की येतात.

रंधादादांनी दुरुस्तीचा उल्लेख केला नाही, म्हणून सांगते. विण नवी दिसली की गिऱ्हाईक लगेच "ओरिजिनल नाही" म्हणून तोंड फिरवतं. अहो, डॅनिश डिझाइनर हान्स वेग्नरच्या विशबोन खुर्चीच्या बैठकीत सुमारे १२० मीटर कागदी दोर लागतो, आणि तो कागदच आहे! रोज बसणारी माणसं असतील तर दोर कधीतरी बदलावाच लागणार. १९५० पासून कार्ल हॅन्सन कंपनी ही खुर्ची करतेय. जुन्या खुर्चीला दोरही जुनाच, करकरीत आणि डागरहित असेल, तर मला उलट जास्त शंका येते.

मी बघते ते दोराखाली. बैठकीच्या आडव्या दांड्यांवर दोर वर्षानुवर्षं घासून लाकडात बारीक खोबणी पडतात, अगदी बोटाच्या रेषांसारख्या. नखाने जाणवतात. तशा खोबणी असतील तर वरचा दोर काल विणलेला असला तरी दांडी जुनी. आणि दांडी गुळगुळीत, वर दोर मात्र चहात बुडवल्यासारखा तपकिरी? हसून परत पाठवते.

वेग्नरचीच दुसरी गोष्ट. १९४९ ची त्याची "राउंड चेअर", जिच्यावर १९६० च्या वादसभेत केनेडी बसले होते. ती मुळात योहान्स हॅन्सनच्या कारखान्यात व्हायची. पहिल्या खुर्च्यांत पाठीच्या कमानीवर वेत गुंडाळलेला असे, खालचे सांधे झाकायला. मग पुढच्याच वर्षी वेग्नरने झाकणं सोडलं आणि सांधा उघडा ठेवला, नागमोडी, बोटांत बोटं गुंतवल्यासारखा. त्यामुळे वेत गुंडाळलेली दिसली म्हणून ती बिघडवलेली समजू नका. आणि नागमोडी सांधा दिसला तर तो खरंच सांधा आहे का ते बघा. रेष कमानीच्या वरून, खालून, दोन्ही बाजूंनी फिरायला हवी. नकलेत कधी कधी वरवर कोरलेली असते, खाली गेलं की गायब!

नवखी_गिऱ्हाईक

वेतकामताई, हे वाचून माझ्या घरच्या साध्या खुर्च्याही उलट्या करून बघितल्या. :D

साधा_भोळा

चंडीगडच्या खुर्च्यांबद्दल कुणी सांगेल का? त्या इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारख्या पायांच्या? हल्ली जिकडेतिकडे "ओरिजिनल जानरे" दिसतायत.

वेतकाम

साधाभोळा, बरं विचारलंत. पिएर जानरे, म्हणजे चंडीगड आखणारा वास्तुविशारद ल कोर्बुझिए याचा चुलतभाऊ, १९५१ ते १९६५ चंडीगडमध्ये होता. नव्या शहराच्या कचेऱ्या, हायकोर्ट, विद्यापीठ, ग्रंथालयं, सगळ्यांसाठी लागणारं सामान त्याच्या देखरेखीखाली झालं. त्याच्यासोबत भारतीय वास्तुविशारदही होते, युली चौधरींसारखे. सामान सागाचं नाहीतर शिसमचं, वेताच्या बैठकीचं. पुढे सरकारी कचेऱ्यांनी ते मोडीत काढलं, गच्चीवर आणि आवारात ढीग लागले, लिलावात गेलं, आणि मग परदेशात त्याची किंमत कळली.

इथे ईम्ससारखी "इतके स्क्रू, इतके थर" ही युक्ती चालत नाही. एक कारखाना नव्हताच. वेगवेगळ्या सुतारांनी आराखड्यावरून हाताने केलेलं काम. एकाच कचेरीतल्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर पायाची जाडी, हाताचा उतार जुळत नाही. म्हणून सहा खुर्च्यांचा संच कोणी दाखवला आणि सहाही साच्यातून काढल्यासारख्या सारख्या निघाल्या, तर मला तिथेच खटकतं.

दुसरं, पाठीवर नाहीतर खाली खात्याची अक्षरं आणि आकडे असतात, पांढऱ्या रंगाने लिहिलेले किंवा लाकडात ठोकलेले. ती मालमत्ता-नोंद होती, सही नव्हे. रंगवणारा कारकुनी हाताने रंगवतो: वाकडं, घाईत, कधी आधीच्या आकड्यावर नवा आकडा. नकली खुर्चीवरचा आकडा "जुना दिसावा" म्हणून लिहिलेला असतो, आणि तो नेमका दिसेल अशा जागी असतो. रंगाखाली पॉलिशचे किती थर आहेत ते भिंगाने बघा. रंग जर थेट कोऱ्या लाकडावर बसला असेल, तर पॉलिश आधी तासून काढलंय.

जुन्या खुर्च्यांच्या पायांची टोकं बघायचीच. फरशी पुसताना पाणी लागून लागून बोटभर काळी पडलेली असतात, आणि तो काळेपणा लाकडाच्या रेषांतून वर चढतो. रंग फासून केलेला काळेपणा सरळ रेषेत थांबतो.

हुच्च_खिळा

सरकारी खात्याने केलेलं एकमेव कलात्मक काम: खुर्चीवर नंबर टाकणे.

आटेपाटे

चंडीगडच्या बाबतीत एक कायदेशीर बाजू आहे, ती विसरू नका. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-सामानाच्या विक्रीवर आणि बाहेर नेण्यावर बंधन आणलं. शहरातल्या अशा वस्तूंची नोंद झाली, ती बारा हजारांच्या वर गेली. म्हणजे खुर्ची खरी निघाली तरी "तुमच्याकडे कशी आली" हा प्रश्न उरतोच. लिलावाचा कागद मागा.

तेच रोजवूडबद्दल. रोजवूड म्हणजे शिसवीच्याच कुळातलं, आणि २०१७ पासून ते सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे. देशाबाहेरून आणणार किंवा नेणार असाल, तर लाकडाची जात आणि वय कागदावर लागतं. प्रेमाने घेतलेली खुर्ची कस्टममध्ये पडून राहिलेली पाहिलीय.

निळा_दिवा

लेबलाबद्दल माझे दोन शब्द. अतिनील बॅटरी (नोटा तपासायची असते तीच) अंधारात लेबलावर मारा. नव्या कागदातली चमक आणणारी रसायनं निळसर-पांढरी झळाळतात. जुना कागद बहुधा मळकटच राहतो.

पण यावर एकट्यावर निकाल देऊ नका. असे कागद पन्नाशीच्या दशकातही यायला लागले होते. शिवाय चोर शहाणा असेल तर जुनंच लेबल मोडक्या खुर्चीवरून वाफेने काढून आणेल. म्हणून लेबलाच्या कडेचा मळ बघायचा. खरं लेबल आणि आजूबाजूचं लाकूड एकत्र म्हातारं होतं.

डॅनिश सामानावर "डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल" असा गोल शिक्का सापडला की लोक उड्या मारतात. तो संघटनेचा दर्जा दाखवणारा शिक्का आहे. डिझाइन कुणाचं हे तो सांगत नाही. ते सांगतो नील्स व्होडरच्या कारखान्याचा असतो तसला डागलेला ठसा, ज्यात करणाऱ्याचं आणि डिझाइनर फिन यूलचं, अशी दोन्ही नावं लाकडात जळलेली असतात. जळलेल्या अक्षराच्या तळाशी लाकूड काळं आणि कडेला किंचित दबलेलं हवं.

रंधा

मीही फसलोय, लपवत नाही. अनुभव सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की हे लोक जन्मतः हुशार.

एका व्यापाऱ्याकडून शिल्पकार इसामु नोगुचीच्या डिझाइनचं काचेचं टेबल घेतलं. "१९७८ चं, हर्मन मिलर." खालचं अक्रोडाचं लाकूड इतकं सुरेख होतं की बाकी काही दिसलंच नाही. घरी आणून पाय सुटे केले. नोगुचीची सगळी करामत अशी की खालचे दोन तुकडे हुबेहूब एकसारखे असतात. एक सरळ, एक उलटा, मध्ये एकच खिळी. माझे दोन एकमेकांवर ठेवले तर अंगठाभर फरक! काच मोजली, तीही पातळ. अस्सल टेबलाची काच साधारण १९ मिलिमीटर. आणि मग रात्री आठवलं ते खरं झोंबलं: हर्मन मिलरने हे टेबल १९४७ पासून केलं, १९७३ ला थांबवलं आणि पुन्हा १९८४ ला सुरू केलं. १९७८ मध्ये ते कारखान्यात होतच नव्हतं. एक साल तपासलं असतं तर गाडीभाडंही वाचलं असतं.

ते टेबल अजून कामाच्या खोलीत आहे. त्यावर डिंकाचे डबे ठेवतो.

काथ्याकूटकर

बघा, कामाला आलंच ना!

(अवांतर: व्हर्सायच्या राजवाड्यालाही अठराव्या शतकातल्या म्हणून बनावट खुर्च्या विकल्या गेल्या, २०१६ मध्ये ते बाहेर आलं. जुना मळ दाखवायला ज्येष्ठमध वापरला होता म्हणे. आपल्याकडे खोकल्यावर वाया घालवतात.)

नवखी_गिऱ्हाईक

मंडळी, जाऊन आले! गुडघे टेकून, बॅटरी तोंडात धरून सगळं बघितलं. त्यांचा मुलगा आधी हसत होता, नंतर तोच मोबाइलचा उजेड धरून बसला.

खुर्ची: पाच फाटे. मागे झुकत नाही. पाठीवर स्क्रू नाहीत. प्लायवूडचे थर तीनदा मोजले, पाच. हाताच्या गादीखाली स्क्रू दोन. गाद्यांत फोम. लेबलाभोवती धुळीची बारीक चौकट आहे, नखाने खरवडली तरी निघाली नाही.

स्टूल: इथे मजा आहे. पाय पाच! थर सात. खाली षट्कोनी खाचेचे बोल्ट. आणि लेबल आहे, अगदी खुर्चीसारखंच, पण लाकडावर एक लांब ओरखडा आहे तो लेबलापर्यंत येतो, लेबलाखाली जातो आणि पलीकडून बाहेर येतो. लेबलावर ओरखडा नाही.

म्हणजे आधी ओरखडा, मग लेबल. बरोबर ना??

रंधा

ताई, तुम्ही आता आमच्यातल्या झालात. ओरखड्याचं मी सांगितलंही नव्हतं.

माझं मत, फोटो न बघता: खुर्ची अस्सल, पण १९५६ ची नाही. दोन स्क्रू आणि फोम म्हणजे नंतरची. पाच थर आहेत, आणि रोजवूड खरंच ब्राझिलियन असेल, तर नव्वदीच्या आधीची. मधली दशकं आली सगळी. स्टूल मात्र नक्कल. कुणाचं तरी मूळ स्टूल हरवलं किंवा मोडलं, आणि जोडी लावली. विकणाऱ्यांनाही माहीत नसेल कदाचित, जोडी अनेकदा आधीच्या हातात लागलेली असते.

त्यांना खोटारडे म्हणू नका. "मला फक्त खुर्ची हवी, स्टूल तुम्ही ठेवा, आणि साल कागदावर लिहायचं नाही" एवढंच म्हणा.

काथ्याकूटकर

बसायला सारखीच ना? दहा-वीस वर्षांनी काय बिघडतं?

वेतकाम

बसायला काहीच नाही. पैसे मोजायला बिघडतं. पहिल्या वर्षाचे पैसे मागून नंतरची खुर्ची दिली, तर मधली वर्षं कुणाच्या खिशात गेली?

नवखी_गिऱ्हाईक

फोन केला. काका दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाले, स्टूल त्यांच्या मेव्हण्याने नंतर "जुळवून" आणलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. बिलही काढून वाचलं, त्यावर फक्त ६७० लिहिलंय. ६७१ चा पत्ताच नाही.

आटेपाटे

६७० खुर्ची, ६७१ स्टूल. बिल खरं बोलत होतं, वाचलं कुणी नव्हतं.

रंधा

घेण्याआधी एकच राहिलं. पाठ दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढे-मागे करा आणि कान लावा. हातांच्या आतल्या बाजूचं रबर साठ वर्षांत दगडासारखं होतं, डिंक सुटतो, आणि एक दिवस रेलल्यावर पाठ लाकडाचा लचका घेऊन बाहेर येते. खरी खुर्ची अशी तुटते. कट्ट आवाज आला तर रबर बदलल्याशिवाय बसायचं नाही, पाहुण्यांनाही बसवायचं नाही.

नवखी_गिऱ्हाईक

डाव्या बाजूने आवाज येतोय. बारीक, पण येतोय. काका म्हणतात तो "पहिल्यापासून" आहे.

फक्त खुर्ची घ्यायचं ठरलंय, शनिवारी टेम्पो येतोय. रबराचा वेगळा धागा काढते, सगळ्यांनी तिकडे या.

हुच्च_खिळा

टेम्पोवाल्याला सांगा, वर बसू नकोस म्हणावं.